बासष्ट टक्के

एलंडच्या ऑल्ड्रॉइडनं लॅपटॉपची वायर
स्टीअरिंगखाली खुपसली, चष्मा कपाळावर चढवला
आणि नाडी बघून सांगावं तसं म्हणाला: बासष्ट.
बासष्ट टक्के क्लच संपलाय.
उरलेला किती पुरवायचा, ते तुझ्यावर.

या गाडीला पेडलं दोनच.
डावा पाय आल्या दिवसापासून पाहुणा.
आत मात्र सगळं जुन्या वळणाचं,
तीच तबकडी, तेच दाते,
फक्त क्लच दाबणारा पाय माझा नाही;
तेलाच्या दाबावर चालणारा कुणी दुसराच,
न दिसणारा, घायकुता, जरासा बिनडोक.
ॲक्सिलरेटरला नुसता अंगठा टेकला
तरी त्याला वाटतं, बाई निघाल्या.
मी निघत नाही, थांबतही नाही, इंचाइंचानं सरकते,
आणि त्याचं होतं
धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.
त्या मधल्या जागेत तबकडी जळते.
वास येतो, करपलेल्या दुधाच्या जवळचा.

रांगेत सरकू नको, म्हणाला ऑल्ड्रॉइड,
पुढे जागा होऊ दे, मग जा, आणि जायचं तर जा.
चढावर गॅस देऊन गाडी तोलत बसू नको,
हँडब्रेक काय शोभेला आहे?
सिग्नलला न्यूट्रल.
गिअर टाकताना पाय किंचित उचल,
समोरच्याला श्वास घेऊ द्यावा तेवढाच.
आणि रिव्हर्स...
इथे त्यानं हात पुसले, दोन्ही बाजूंनी.
चढावर रिव्हर्स, कधीच नाही.

तर सकाळी आठ दहाला, सॉल्टरहेबलच्या चढणीवर,
अख्खं हॅलिफॅक्स बंपरला बंपर लावून असताना
माझ्यापुढे दोन गाड्यांची जागा पडते, मग तिसरीची.
मागचा व्हॅनवाला हॉर्नवर झोपतो.
चारशे घोडे आणि हलत का नाहीत?
मी न्यूट्रलमध्ये, हात मांडीवर,
देवळाबाहेर चपला राखत बसल्यासारखी.

नऊ वाजता फिजिओथेरपीत मिसेस ग्रीनवुड.
त्यांना मी सांगते, जिन्यात
अर्ध्या वाकल्या गुडघ्यावर थांबू नका.
चढायचं तर चढा. उभं राहायचं तर सरळ उभं राहा.
त्या विचारतात, किती उरलाय गं?
याला वायर लावता येत नाही.
एक्स-रेवरच्या दोन हाडांमधली फट
मी त्यांना चिमटीनं दाखवते,
आणि चिमूट थोडी मोठी धरते.

मिरजेहून बहीण फोनवर:
एवढी जपायची होती तर घेतलीस कशाला?

रविवारी पहाटे, पेकेट वेलच्या वर,
जिथे झाडं संपतात आणि मेंढ्या रस्त्याच्या मालकिणी होतात,
तिथे तिसऱ्यात पाच हजार आकडा,
पाय बोटभर उचलला, आणि चौथा पडला
पेनाला टोपण बसावं तसा.
मागून इंजिन गळा मोकळा करतं.
पूर्ण धरलेलं झिजत नाही.
पूर्ण सोडलेलंही नाही.
ऑल्ड्रॉइड हेच सांगत होता,
मला कळायला सोळा मैल लागले.
(याचा संसाराशी संबंध लावू नये.
मी लावला. ऑक्सनहोपहून परतताना,
कारण बोलायला शेजारी कुणी नव्हतं.)

घर चढावर. गॅरेज त्याच्याही वर,
आणि आत शिरायचं ते उलटंच शिरावं लागतं.
म्हणून गाडी खाली, चॅपलपाशी, सपाटीवर,
आणि मी चोपन्न पायऱ्या,
बटाटे, दूध, दिवा गेलेला म्हणून नवा बल्ब.
एकतिसाव्या पायरीवर थांबते,
अर्ध्या वाकल्या, उजव्या गुडघ्यावर.
मिसेस ग्रीनवुडनं बघितलं तर?
खाली पत्रा निवताना टिक्, टिक् वाजतोय.
पिशवी या हातातून त्या हातात.